शेजारच्या आसनाची किंमत

डिसेंबर २०२४ मधील गोष्ट. माझे आईवडील कारंजा लाड येथे राहतात. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. बाबांचे वय त्या वेळी ७९ होते, आईचे ७४. आईला काही वर्षांपासून विस्मरणाचा विकार आहे. घरात, ओळखीच्या भिंतींमध्ये ती बरीचशी सावरलेली असते. मात्र बाबा दृष्टीआड झाले की तिचा धीर सुटतो. रेल्वेचा लांबचा प्रवास दोघांना झेपला नसता. नागपूरहून विमान जेमतेम दोन तासांत बंगळुरूला पोहोचवते, म्हणून मी वाशीमला बसून मोबाईलवर दोघांचे एकत्र तिकीट काढले. तिकीट काढताना आसन निवडण्याचे पान समोर आले, ते ओलांडून मी पुढे गेले. एका तिकिटावरचे नवराबायको शेजारीशेजारीच बसणार, त्यात निवडायचे काय, असे मला वाटले. एसटी आणि रेल्वेच्या सवयीत वाढलेल्या माणसाला असेच वाटणार.

प्रवासाच्या आदल्या दिवशी ऑनलाइन चेक-इन करताना कळले की बाबांना अकराव्या रांगेतील मधले आसन मिळाले आहे आणि आईला चोविसाव्या रांगेतील मधले. दोघांमध्ये तेरा रांगांचे अंतर. जवळजवळची काही आसने पडद्यावर रिकामी दिसत होती आणि प्रत्येकावर काही शे रुपयांचा आकडा होता. मी पैसे भरायला निघाले, तर बाबांनी फोनवर अडवले. “बसायचे पैसे तं तिकिटातच देल्ले ना आपण? मंग आता हे कायचे?” आयुष्यभर सहकारी संस्थेचे हिशेब लिहिलेल्या माणसाचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. विमानतळावर विनंती करू, कोणीतरी जुळवून देईल, असे ठरले. तो निर्णय चुकीचा होता आणि त्याची जबाबदारी माझी आहे.

काउंटरवरील मुलीने मनापासून प्रयत्न केला, परंतु विमान तोवर भरले होते. पुढचे मला बाबांनी सांगितले, तेही तुकड्यातुकड्यांनी. आई पहिली काही मिनिटे गप्प बसली. मग शेजारच्या बाईंना विचारू लागली, “हे कुठी गेले व?” त्या बिचाऱ्या कानडी होत्या. विमान वर चढत असतानाच आई पट्टा सोडून उठू लागली. तिच्या रांगेत कडेला बसलेल्या एका तरुणाने तिला हाताला धरून बसवले, कर्मचाऱ्यांना बोलावले आणि विमान स्थिरावल्यावर आपली जागा बाबांना देऊन स्वतः अकराव्या रांगेत दोघांच्या मध्ये जाऊन बसला. कडेची ती जागा त्याने पैसे मोजून घेतली होती. बाबांनी त्याचे नाव विचारले नाही, याची त्यांना अजून रुखरुख आहे.

बाबांची एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे. दोन परक्या माणसांच्या मध्ये बसायचे, पुन्हापुन्हा कोणाला उठवायचे, या संकोचाने त्यांनी सकाळपासून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. बंगळुरूला उतरताना त्यांना चक्कर आली. तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू झाली आणि आठवडाभर औषधे घ्यावी लागली. पाणी न पिणे हेच संसर्गाचे कारण, असे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मीही सांगणार नाही. पण उतारवयात शरीरातील पाणी कमी होणे आणि लघवी रोखून धरणे या दोन्ही गोष्टी अपायकारक आहेत, हे वेगळे सांगायला नको.

मग हे असे का होते? विमानाचे भाडे पूर्वी एकसंध असे. त्यातच सामान, जेवण आणि जागा. स्वस्त विमानसेवा आल्या तसे त्या भाड्याचे तुकडे झाले. मूळ भाडे कमी दाखवायचे आणि बाकीचे एकेक करून विकायचे. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२१ च्या परिपत्रकाने या पद्धतीला रीतसर चौकट दिली. पसंतीचे आसन, खाणेपिणे, सोबतचे सामान, वाद्ये, खेळाचे साहित्य यांसाठी कंपन्यांना वेगळे शुल्क घेता येते. अट एवढीच की प्रवाशाने स्वतः होकार दिल्याशिवाय ते आकारता येत नाही. होकार न देणाऱ्याला संगणक उरलेल्या जागांपैकी एक नेमून देतो. साहजिकच कडेच्या, खिडकीच्या आणि पुढच्या जागा विकण्यासाठी राखल्या जातात आणि मधल्या जागा फुकट बसणाऱ्यांच्या वाट्याला येतात. संगणकाला नाते कळत नाही आणि विस्मरण तर मुळीच कळत नाही.

आरडाओरड झाली की थोडेफार बदलते. नोव्हेंबर २०१८ मध्ये देशातील एका मोठ्या कंपनीने ऑनलाइन चेक-इनच्या वेळी सर्वच आसनांना शुल्क लावल्याचे जाहीर केले, तेव्हा इतका गदारोळ झाला की केंद्रीय मंत्रालयाला या शुल्कांचा आढावा घेण्याचे आश्वासन द्यावे लागले. काउंटरवर बोर्डिंग पास काढून देण्याचेही पैसे काही कंपन्या घेत. जुलै २०२२ मध्ये मंत्रालयाने ते बंद करण्यास सांगितले. (मोबाईल न जमणाऱ्या ज्येष्ठांनी हे लक्षात ठेवावे.) एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने आणखी एक चांगली गोष्ट केली: बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा दिलीच पाहिजे. मात्र हा नियम मुलांपुरता आहे. माझी आई त्या दिवशी विमानात बारा वर्षांच्या मुलाइतकीही स्वतंत्र नव्हती, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

रेल्वेशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची भाडेसवलत गेली ती गेली, तरी ६० वर्षांवरील पुरुषांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना खालचा बर्थ उपलब्ध असल्यास न मागताही देण्याची व्यवस्था तेथे आहे आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. आपली एसटी तर ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना मोफत नेते. विमानाकडून कोणी एवढी अपेक्षा करीत नाही. पण हे काम अशक्य कोटीतील नाही. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमावलीत अपंग किंवा हालचालीस अडचण असलेल्या प्रवाशाच्या सोबत्याला शेजारची जागा देण्यासाठी सर्व रास्त प्रयत्न करण्याचे बंधन आहे. कॅनडात २००९ पासून, देशांतर्गत प्रवासात सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अपंग व्यक्तीच्या मदतनिसाकडून मोठ्या कंपन्यांना वेगळे भाडे घेता येत नाही. उलट बाजूही पाहावी: अमेरिकेच्या सिनेटच्या एका उपसमितीने नोव्हेंबर २०२४ मध्ये दाखवून दिले की पाच कंपन्यांनी २०१८ ते २०२३ या काळात केवळ आसनशुल्कापोटी १२.४ अब्ज डॉलर मिळवले. इतका पैसा जेथे आहे, तेथे कंपन्या आपण होऊन हात आखडता घेतील, असे मला वाटत नाही.

आता आरोग्याचा भाग. कडेचे आसन ही चैन आहे, असा अनेक घरांत समज असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासानंतर शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. घाबरण्याचे कारण नाही, कारण निरोगी माणसात हे प्रमाण सुमारे सहा हजारांत एक इतके अल्प आहे. मात्र पूर्वी गुठळी झालेले, कर्करोगाचे, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, अतिस्थूल किंवा फारशी हालचाल न करणारे रुग्ण यांची गोष्ट वेगळी. अमेरिकेतील छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या मार्गदर्शनात अशा प्रवाशांना अधूनमधून चालणे, पोटऱ्यांचे व्यायाम, गुडघ्याखालपर्यंतचे दाब देणारे मोजे आणि शक्य असल्यास कडेचे आसन, असे सुचवले आहे. म्हणजे कडेचे आसन वैद्यकीय सल्ल्यात बसते. मोजे मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत, कारण पायांच्या धमन्यांचा विकार असलेल्यांना ते अपाय करू शकतात. आणि गुठळी टाळण्यासाठी मनानेच ॲस्पिरिन घेऊ नये. नागपूर-बंगळुरूसारख्या छोट्या प्रवासाला हा धोका फारसा लागू नाही. पण आपल्या जिल्ह्यातील कितीतरी आईवडील नातवंडांसाठी दोहामार्गे किंवा मुंबईहून थेट अमेरिका-युरोपला जातात, त्यांनी हा खर्च तिकिटाच्या खर्चातच धरावा.

कोणते आसन कोणाला, हेही थोडे विचारपूर्वक ठरवावे. तीन-तीन आसनांच्या विमानात ‘सी’ आसनाच्या उजवीकडे मार्गिका असते, ‘डी’ आसनाच्या डावीकडे. उजवा गुडघा आखडत असेल तर ‘सी’ घ्यावे, डावा असेल तर ‘डी’. पाय थोडा लांब करता येतो. लघवीचा त्रास असणाऱ्याने कडेला आणि स्वच्छतागृहाच्या जवळ बसावे. विस्मरणाच्या रुग्णाला खिडकीशी आणि सांभाळणाऱ्याला त्याच्या लगत बसवणे बरे, म्हणजे न सांगता उठून जाणे होत नाही. आणीबाणीच्या दारापाशी असलेली ऐसपैस आसने पाहून मोह होतो. पण त्या रांगेत दार उघडण्याची ताकद असलेली माणसेच बसवतात. वृद्धासाठी तेथे पैसे भरले, तरी कर्मचारी त्याला उठवून दुसरीकडे बसवतील. आणखी एक: विमानातील हवेचा दाब साधारण दोन हजार मीटरहून उंच डोंगरावर असतो तितका कमी असतो आणि हवा फार कोरडी असते. दमा, हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना भेटावे, आणि पाणी पीतच राहावे.

जागेचे पैसे भरावेत की नाही, याविषयी माझे मत त्या प्रवासानंतर बदलले आहे. धडधाकट जोडप्याने दोन तासांसाठी भरू नयेत. वेगळे बसून काही बिघडत नाही. पण विस्मरण, तोल जाणे, ऐकू न येणे, इन्सुलिन, वारंवार लघवी यांपैकी काहीही असेल, तर ते पैसे औषधाच्या खर्चात लिहावेत आणि तिकीट काढतानाच भरावेत, कारण शेवटच्या दिवशी जागाही उरत नाहीत. भरण्याआधी मात्र एकदा ग्राहक सेवेला फोन करून, डॉक्टरांचे पत्र असल्याचे सांगून, विनाशुल्क शेजारची जागा मागावी. कधी मिळते, कधी नाही. दोघांचे तिकीट एकाच क्रमांकावर असावे. वेगवेगळी तिकिटे असतील तर ही मागणी फोनवरच फसते. अन्याय वाटल्यास ‘एअरसेवा’ या सरकारी व्यवस्थेवर किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवर तक्रार नोंदवता येते.

चाकाच्या खुर्चीचे वेगळे पाहावे लागते. ती विनाशुल्क असते, पण निदान ४८ तास आधी नोंदवावी आणि प्रत्येकाची स्वतंत्र नोंदवावी. नोंदवताना नेमके सांगावे: फक्त लांब चालता येत नाही, की पायऱ्याही चढता येत नाहीत, की आसनापर्यंत न्यावे लागेल. या तिन्हींसाठी विमान कंपन्यांकडे वेगवेगळे संकेत असतात आणि चुकीचा संकेत लागला की शिडीपाशी खोळंबा होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईला आलेल्या ८० वर्षांच्या प्रवाशाने पत्नीसह खुर्ची नोंदवली होती; खुर्ची एकच मिळाली, ती पत्नीला देऊन ते चालत निघाले आणि कोसळून मरण पावले. महासंचालनालयाने त्याबद्दल एअर इंडियाला ३० लाख रुपये दंड केला. खुर्ची येईपर्यंत जागचे हलू नये, हे मी बाबांना पढवून ठेवले आहे. रांग चुकवण्यासाठी खुर्ची मागणारे धट्टेकट्टे प्रवासीही मी पाहिले आहेत. त्यांच्यामुळे खरी गरज असलेला मागे राहतो, एवढेच म्हणते.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि कारंजेकरांना नागपूरखेरीज दुसरा पर्याय मिळाला. त्या पावसाळ्यात आईला मुंबईला दाखवायचे होते. या वेळी मीही सोबत होते. तेथून एटीआर जातीचे छोटे विमान जाते. त्यात दोन-दोन आसने असतात, मधले आसनच नसते, हे वाचून मला आनंद झाला. शहाणी झालेल्या मी आईबाबांसाठी पुढच्या भागातील शेजारशेजारची आसने मुद्दाम निवडली, चालावे लागू नये म्हणून. प्रत्यक्षात त्या विमानाचे प्रवाशांचे दार शेपटीकडे असते. शिडीच्या पाच-सहा पायऱ्या चढून, एकेका आसनाच्या पाठीला धरत, आईने जवळजवळ सगळे विमान चालून पार केले. बाबा मागून म्हणाले, “पुढची जागा म्हंजे दारापासून दूरची जागा, बरी शोधली तू.” आई खिडकीशी बसली, तिने बाबांच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि मुंबई येईपर्यंत सोडली नाही. बाबांनी वाटेत दोनदा पाणी मागून घेतले.