वादळ गेलं, आता जमैकाला जावं का?

२८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा हे चक्रीवादळ जमैकाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी २९५ किलोमीटरच्या घरात होता. त्या बेटावर थेट आदळलेलं हे नोंदीतलं सर्वांत प्रखर वादळ. जागतिक बँकेने नुकसानीचा अंदाज काढला तो ८.८ अब्ज डॉलरचा, म्हणजे देशाच्या २०२४ च्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ४१ टक्के. हे आकडे वाचल्यावर डिसेंबरच्या सुट्टीसाठी न्यू जर्सी किंवा टोरंटोहून बुकिंग केलेल्या मराठी कुटुंबाला वाटणारच की आता जमैका संपलं, सहल रद्द. पण हा निर्णय देशाच्या नावावरून घ्यायचाच नसतो. आपण नेमके कुठे उतरणार आणि तिथलं पाणी, वीज आणि खोल्या आपल्याला पुरवताना कुणाच्या वाट्याचं कमी होणार, एवढं कळलं की तो घेता येतो.

जमैकाची पूर्व-पश्चिम लांबी सव्वादोनशे किलोमीटरहून थोडी अधिक. मेलिसाने पश्चिमेकडचे जिल्हे झोडपले. सेंट एलिझाबेथमधलं ब्लॅक रिव्हर हे जुनं बंदर उद्ध्वस्त झालं. पूर्वेकडच्या किंग्स्टन आणि पोर्ट अँटोनिओला मात्र त्या मानाने फार कमी झळ बसली. २०१७ मध्ये हा फरक याहून ठळक दिसला होता. अँटिग्वा आणि बारबुडा ही एकाच देशाची दोन बेटं, मधलं अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. इर्मा वादळाने बारबुडाची बहुतेक घरं मोडली आणि झाडून सगळे रहिवासी बाहेर काढावे लागले. त्यांना आसरा दिला तो अँटिग्वाने, कारण ते बेट बऱ्याच अंशी सुखरूप होतं. बातम्यांत मात्र ‘कॅरिबियन उद्ध्वस्त’ एवढंच उरलं, आणि ज्या बेटांवर पानही हललं नव्हतं तिथलीही बुकिंगं रद्द झाली. बार्बाडोसच्या टॅक्सीवाल्याचा त्यात काय दोष?

दुसरा गैरसमज वादळाच्या श्रेणीबद्दल. एक ते पाच ही सॅफिर-सिम्पसन श्रेणी फक्त वाऱ्याचा वेग सांगते. पाऊस किती पडेल, समुद्र किती आत घुसेल, हे तिच्यात नसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळ नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिल या डोंगराळ पर्यटनस्थळापर्यंत पोचलं तेव्हा त्याचा जोर इतका ओसरला होता की ते कोणत्याच श्रेणीत बसत नव्हतं. तरी पुराने शहराची जलवाहिनी वाहून नेली, आणि नळाचं पाणी पिण्यायोग्य व्हायला १८ नोव्हेंबर उजाडला. रस्ते उघडले, दुकानं उघडली, पण ग्लासभर पाणी मिळेना, अशी स्थिती तिथे कित्येक आठवडे होती.

म्हणूनच ‘विमानतळ सुरू झाला, म्हणजे जायला हरकत नाही’ हेही खरं नव्हे. विमानतळ आधी उघडतो तो मदत उतरवण्यासाठी. मेलिसानंतर जमैकातले पाच लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात होते. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर प्वेर्तो रिकोत शेवटच्या घरांपर्यंत वीज पोचायला जवळपास अकरा महिने लागले, आणि दरम्यान तिथल्या हॉटेलांच्या कितीतरी खोल्या मदत कर्मचाऱ्यांनी व्यापल्या होत्या. आरोग्याचंही पाहायला हवं. नोव्हेंबर २०२५ मध्ये जमैका सरकारने लेप्टोस्पायरोसिसची साथ जाहीर केली. मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर हा आजार चांगलाच ठाऊक आहे: उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायावरच्या साध्या ओरखड्यातून अंगात शिरतात. मुलं चिखलात खेळणार असतील, तर हॉटेलच्या गुळगुळीत छायाचित्रांपेक्षा ही माहिती अधिक कामाची. हॉटेलला फोन करून सरळ विचारावं: लाइट लाइनीवरची आहे की जनरेटरवरची? पाणी नळाला येतं की टँकरने? आसपासच्या वस्तीतही आलंय का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर मी म्हणेन, थांबा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मनापासूनचा असतो: लोकांची छपरं उडालेली असताना तिथे मौज करायला जाणं शोभतं का? त्यापेक्षा पैसे देणगी म्हणून पाठवावेत. देणगी जरूर द्यावी, पण तिने स्वयंपाक्याचा, खोल्या आवरणाऱ्या बाईचा पगार चालू राहत नाही. जमैकाच्या पर्यटन मंत्र्यांनी १५ डिसेंबरपर्यंत पुन्हा पाहुणे घेण्याचं लक्ष्य ठेवलं, ते याच रोजगारासाठी. सरकारला पर्यटक हवेच असतात, तेव्हा त्याच्या शब्दावर किती विसंबायचं, ही शंका रास्त आहे. म्हणून तर देशाऐवजी जिल्ह्याची चौकशी करायची. जिथे सुविधा सावरल्या आहेत तिथे जरूर जावं, आणि खर्चाचा काही भाग रिसॉर्टच्या फाटकाबाहेर, स्थानिक खानावळीत आणि गाडीवाल्याकडे करावा. सगळं आगाऊ भरलेल्या पॅकेजमधला बराच पैसा बेटावर पोचतच नाही.

राहिला विमा. ‘विमा काढलाय, मग काळजी कशाला’ हे धोक्याचं आहे. वादळाला नाव मिळालं की बहुतेक कंपन्या ते ज्ञात संकट मानतात. मेलिसाला नाव मिळालं २१ ऑक्टोबरला, धडक बसायच्या आठवडाभर आधी. त्यानंतर काढलेल्या पॉलिसीवर या वादळासाठी सहसा काहीच मिळत नाही. शिवाय हॉटेल सुरू असताना निव्वळ भीतीपोटी सहल रद्द केली, तर साध्या पॉलिसीत ते कारण धरलं जात नाही. जून ते नोव्हेंबर हा तिकडचा वादळांचा हंगाम, त्यामुळे त्या महिन्यांतली सहल ठरवताना विमा तिकिटासोबतच काढावा आणि रद्द करण्याची कारणं देणारं पान तेव्हाच वाचावं.