शिंपेतली गोळी

ओहोटी लागली की आमच्या नाटे गावच्या बायका कालवं काढायला खाडीकाठच्या खडकांवर उतरतात. कालवाचा मऊ गर घरी येतो, शिंपा तिथेच राहतात. पूर्वी कोकणात अशा शिंपा भट्टीत जाळून चुना करत. तो भिंतीला लागे आणि पानालाही.

हे आज सांगायचं कारण म्हणजे माझी अम्मी. तिच्या खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि घरी येताना बरोबर औषधांची पिशवी आली. त्यातल्या कॅल्शियमच्या गोळ्यांच्या पाकिटावर ‘ऑयस्टर शेल’ असं छापलेलं होतं. मी अर्थ सांगितला तेव्हा अम्मी म्हणाली, “म्हणजे कालवाची शिंपच ना गं ही? ती तर आपण गडग्यापलीकडे फेकतो!”

अम्मीचं बरोबर होतं. शिंप म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, आणि बाजारातल्या पुष्कळशा गोळ्यांमध्ये तेच असतं. काहींत ते शिंपेपासून काढलेलं असतं, काहींत खनिजापासून. म्हणून कोणी शिंपा कुटून खाऊ नयेत, आणि पानाचा चुनाही गोळीऐवजी खाऊ नये. भाजलेल्या शिंपेवर पाणी पडलं की तयार होणारा चुना दाहक असतो. तोंड भाजतं ते उगीच नाही.

मी कविता लिहिणारी बाई, शिक्षण बी.ए.पर्यंत. वैद्यकातलं मला काय कळणार? पण अम्मीच्या उशाशी बसून डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, इतकं वाचलं, की त्यातलं थोडं तुम्हांला सांगावंसं वाटतं.

हाड म्हणजे दगड नव्हे. प्रथिनांच्या जाळीत कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचे क्षार बसवलेले असतात. एकीकडे जुनं हाड पोखरणाऱ्या पेशी, दुसरीकडे नवं भरणाऱ्या पेशी, असं काम जन्मभर चालू असतं. तिशीपर्यंत भरणाऱ्यांचा जोर असतो, पुढे पोखरणाऱ्यांचा. बाईची पाळी थांबली की इस्ट्रोजेन कमी होतं आणि पोखरणं एकदम वेग घेतं. हाड आतून ठिसूळ होत जातं, दुखत मात्र नाही. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेला एक टक्का हृदयाला, स्नायूंना, मज्जातंतूंना लागतो. खाण्यातून पुरेसं कॅल्शियम आलं नाही, तर शरीर ते हाडांतून उचलतं.

अम्मीला इशारा आधी मिळाला होता. खुबा मोडण्याआधी काही वर्षं अंगणात साधी घसरली आणि मनगट मोडलं. आम्ही पट्टी बांधून घेतली आणि विसरलो. मग पाठीला बाक येत गेला. नमाजाला उभी राहिली तरी ती रुकूत असल्यासारखीच दिसायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं ही चौकशीची वेळ असते, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

हाडांची घनता ‘डेक्सा’ नावाच्या तपासणीत कळते. तिचा आकडा तरुण निरोगी हाडाशी ताडून बघतात. उणे एकपर्यंत ठीक, उणे एक ते उणे अडीच म्हणजे घट, आणि उणे अडीच किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. माझा आकडा उणे २.३ आला. वर, आईचं खुब्याचं हाड मोडलेलं असलं तर लेकीचा धोका वाढतो. तेव्हा ही गोष्ट आता माझीही आहे.

मग गोळ्या घ्यायच्या का? आधी ताटात काय आहे ते बघायचं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, पेलाभर दुधात दोन-अडीचशे, तिळात तर भरपूर. काट्यासकट खाल्लेली बारीक मासळीही उपयोगी. पण आमच्याकडे भात आणि कालवण यांवरच दिवस निघतात. नाचणी गरिबांची म्हणून मागे पडली आणि घरातलं दूध आधी चहात, मग नातवंडांच्या पेल्यात जातं. जी तूट उरते ती गोळीने भरायची. ‘जितकं जास्त तितकं बरं’ हा हिशेब इथे चालत नाही.

अमेरिकेत ३६,२८२ प्रौढ बायकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या बायकांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, अर्ध्यांना नुसत्या दिखाऊ गोळ्या. सुमारे सात वर्षांनी खुब्याची घनता पहिल्या गटात जेमतेम एक टक्क्याने जास्त निघाली. खुबा मोडण्याच्या प्रमाणात खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही आणि मुतखडे मात्र १७ टक्के वाढले. त्यातल्या पुष्कळजणींच्या खाण्यात मुळातच बऱ्यापैकी कॅल्शियम होतं, हेही खरं.

घनता वाढली म्हणजे हाड मजबूत झालं, असंही नाही. फ्लोराइडची गोष्ट ऐका. १९९० साली अमेरिकेतल्याच मेयो क्लिनिकच्या प्रयोगात फ्लोराइडने मणक्यांची घनता चार वर्षांत ३५ टक्के वाढली. मणके मोडायचे मात्र नीटसे थांबले नाहीत आणि इतर हाडं उलट जास्त मोडली. आपल्या यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांनी तर हे भोगलं आहे. तिथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं जड होतात, सांधे आखडतात. मॅग्नेशियम, जस्त, बोरॉन अशी लांबलचक यादी छापलेल्या महागड्या गोळ्या दिसल्या की मला हे आठवतं. मॅग्नेशियम हाडाला लागतं, पण ते डाळी, दाणे, नाचणीतूनही मिळतं.

ड जीवनसत्त्वाशिवाय कॅल्शियम आतड्यातून नीट शोषलं जात नाही. ते उन्हात कातडीत तयार होतं. पण अंगभर झाकून वावरणाऱ्या आमच्या बायका आणि दिवसभर कचेरीत बसणाऱ्या शहरातल्या बायका, दोघींनाही ऊन मिळत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं कामाचं नाही. पुण्यातल्या जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या आणि बायकांच्या हाडांवर या अंगाने पुष्कळ काम केलं आहे.

पण इथेही बेताने. माझ्या खालाला डॉक्टरांनी साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा लिहून दिली होती. ती रोज घेत राहिली. दुकानदार देत गेला, कोणी विचारलं नाही. उलट्या, तहान, बद्धकोष्ठ, आणि मग बोलण्यातही गोंधळ. रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलं होतं. वेळेत दाखल केली म्हणून वाचली.

माझा सध्याचा क्रम असा. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर, कारण तिला पोटातलं आम्ल लागतं. सायट्रेटची असेल तर जेवणाची अट नाही. एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या आसपासच, त्याहून जास्त एकदम नीट शोषलं जात नाही. थायरॉइडची गोळी पहाटे, कॅल्शियम तिच्यानंतर निदान चार तासांनी. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी. मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. अम्मीला मात्र एवढ्याने भागणार नव्हतं. तिला हाडाची झीज रोखणारं औषध आहे, आठवड्यातून एकदा. उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही. त्या अर्ध्या तासात ती मला जुन्या ओव्या सांगते.

शिवाय चालणं, आणि न पडणं. आम्ही पडवीच्या पायरीला कठडा लावला, न्हाणीत खरखरीत फरशी बसवली, दारात रात्रभर बारीक दिवा ठेवतो. पावसात वीज जाते तेव्हा तोही जातो. म्हणून अम्मीच्या उशाशी बॅटरी असते.