जुन्या चासीला कुठलं तेल?

१९२९ साली आलेल्या रोल्स-रॉइस फँटम टूमध्ये चालकाने एक पंप दाबला, की बारीक नळ्यांतून चासीच्या सांध्यासांध्याला तेल पोचे. या व्यवस्थेचं नाव 'बिजूर'. नळीच्या टोकाशी थेंबाथेंबाने तेल सोडणारी अतिअरुंद वाट आणि तिथेच नमद्याची गाळणी. सगळी गोम या वाटेत आहे. घट्ट तेल थंडीत तिथून धड सरकत नाही, पातळ तेल सांध्यात न टिकता जमिनीवर गळतं.

डब्यावरचे आकडे मात्र चकवतात. गिअर ऑइलचा ८० आणि इंजिन ऑइलचा ३० ऐकायला दूरचे, पण दाटपणात शेजारीशेजारी, मोजपट्ट्याच वेगळ्या. आणि गिअर ऑइलच्या डब्यावरचं 'जीएल-५' म्हणजे वरचा दर्जा, म्हणून तेच भरा, हा दुकानातला सल्ला तर मुळीच ऐकू नका. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं पोलादी दात्यांना वाचवतात. जुन्या गाडीतल्या ब्राँझच्या बुशांना मात्र, विशेषतः तापल्यावर, खाऊ शकतात. साधं, मध्यम दाटपणाचं खनिज तेल बरं. ते ओतण्याआधी टाकीतला गाळ काढा. नमदा चोंदला तर पंप कितीही दाबा, तो सांधा कोरडाच राहील.