बेसाइडच्या शाळेतील काळाची मुखत्यारी

पीकॉक या प्रक्षेपणसेवेने ‘सेव्ह्ड बाय द बेल’चा नवा अवतार दोन पर्वांनंतर गुंडाळल्याची वार्ता मे २०२२ मध्ये आली, आणि जुन्या मालिकांना संजीवनी देण्याचा खटाटोप मुळातच व्यर्थ असतो असे मानणाऱ्यांना आयते निमित्त मिळाले, परंतु ज्या थोड्या पुनरुज्जीवनांनी मूळ कृतीचाच कस लावून पाहिला, त्यांत हिची गणना मी निःसंकोच करीन.

१९८९ ते १९९३ या काळात एनबीसीवर शनिवारी सकाळी लागणाऱ्या मूळ मालिकेत, कॅलिफोर्नियातील बेसाइड हायस्कुलाचा लाडका नायक झॅक मॉरिस अडचणीत सापडला की दोन्ही हातांनी इंग्रजी ‘टी’ अक्षराची खूण करून ‘टाइम आउट’ म्हणे. तत्क्षणी मुख्याध्यापक बेल्डिंग, सवंगडी, पाठमोरी वळलेली वर्गमैत्रीण केली, सारे जागच्या जागी गोठत, आणि हा एकटा कॅमेऱ्याकडे वळून आपला पुढचा डाव प्रेक्षकांच्या कानी घाली. काळावरची ही मुखत्यारी बहुतांशी त्याच्याकडेच राहिल्याने, ज्यांना तो फसवी त्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेण्याची सोयच कथेत नव्हती. देखणा, गोडबोल्या मुलगा बहुधा सहीसलामत सुटे.

‘थर्टी रॉक’ या मालिकेच्या लेखनात तयार झालेल्या ट्रेसी विगफील्ड यांनी २०२० मध्ये नव्या अवतारात नेमके हेच मर्म पकडले. त्यांचा झॅक आता कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर आहे. निधीअभावी कुचंबलेल्या शाळा त्याच्या अमलात बंद पडतात, लोकक्षोभ उसळतो, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांना सधन वस्त्यांतील शाळांत धाडण्याची तजवीज तो करतो, आणि त्या हुकुमानिशी डग्लस हायस्कुलातील डेझी बेसाइडच्या दारात येते. आता काळ डेझी थांबवते. युक्ती तीच, परंतु गोठलेल्या सभोवताराकडे पाहताना तिला जे दिसते ते झॅकच्या ध्यानीमनीही नव्हते : गव्हर्नरपुत्र मॅकला प्रत्येक खोडी माफ आहे, आणि आपल्याला पहिलीच चूक भोवेल. मूळ मालिकेत पदोपदी ऐकू येणारे हास्यही नव्या मालिकेतून वगळले आहे, आणि हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. कुठे हसावे हे आता ज्याचे त्याने ठरवावे.

मूळ मालिकेच्या १९९० मधील गाजलेल्या भागात अभ्यासाच्या ताणापायी कॅफीनच्या गोळ्यांच्या आहारी गेलेली जेसी नव्या मालिकेत समुपदेशक आहे, तिचा तेव्हाचा सहाध्यायी स्लेटर क्रीडाशिक्षक. त्या दोघांच्या जुन्या प्रीतीची उजळणी लांबू लागली की कथानकाला शैथिल्य येते. अशा जागी कात्री चालायला हवी होती. कारण जुन्या प्रेक्षकाला ओळखीचे चेहरे हवे असतात हे मान्य केले, तरी वीस भागांचा अवकाश डेझी, डेव्हान्टे आणि आयेशा या नव्या विद्यार्थ्यांनाच मुळी अपुरा होता.