लॅपटॉपची कोठी बदलताना



आज गटाच्या लॅपटॉपबद्दल बोलू. आम्ही म्हणजे ग्रामसंघाच्या कार्यालयात बसणाऱ्या तिघी: समन्वयक, लेखापाल आणि सचिव. एक बीए, दोघी बारावी. कॉम्प्युटरची दुरुस्ती आमच्यापैकी कुणीच शिकलेली नाही. तरी गेल्या दिवाळीनंतर आम्ही कार्यालयातल्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आमच्या हातांनी बदलली. ते कसं केलं ते सांगतोच, पण आधी आमची चूक सांगतो. तुमच्याकडून ती होऊ नये.

आमचा लॅपटॉप सात वर्षांचा. सकाळी बटण दाबायचं, झाडलोट करायची, चहा ठेवायचा, तो पिऊन व्हायचा, तेव्हा कुठे पडद्यावर काही दिसायचं. आम्ही म्हणायचो, म्हातारा झालाय बिचारा. मग त्यातून अधूनमधून टक-टक असा आवाज यायला लागला. त्याकडेही कानाडोळा केला. वहीत लिहिणं तर केव्हाच बंद केलं होतं. दोनदा कशाला लिहायचं, असं वाटायचं.

एका महिनाअखेरीला एका गटाची फाइल उघडलीच नाही. चार वेळा प्रयत्न केला. त्या गटाच्या दोन महिन्यांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. मग दहा जणींची पासबुकं गोळा केली आणि ओसरीवर बसून एकेक आकडा जुळवत गेलो. नऊ जणींचा मेळ लागला. एकीचं पासबुक त्या दोन महिन्यांचं कोरं होतं. ती म्हणाली, "दोन्ही हप्ते भरलेत मी, तीन हजार रुपये." पुरावा तिच्याकडे नाही आणि आमच्याकडेही नाही. बाकीच्या बायका गप्प बसल्या. मजुरी करून हप्ता भरणाऱ्या बाईवर सगळ्यांसमोर खोटं ठरायची वेळ आली होती.

शेवटी बँकेत भरणा केल्याच्या दोन पावत्या सापडल्या. एकूण रकमेतून नऊ जणींचे पैसे वजा केले, तेव्हा बरोबर तीन हजार उरले. उठताना ती एवढंच म्हणाली, "तुम्ही यंत्रावर भरवसा ठेवला, मी तुमच्यावर ठेवला होता." ते वाक्य आमच्या मनातून अजून जात नाही.

बिघडलं काय होतं?

तालुक्याच्या एका दुकानात दाखवलं, तर ते म्हणाले, नवाच घ्या. चाळीस हजार आणायचे कुठून? मग आमच्याच एका सदस्येच्या मुलीने लॅपटॉप पाहिला. ती डिप्लोमा करते. ती म्हणाली, "मावशी, यंत्र चांगलं आहे. फक्त हार्ड डिस्क संपत आलीय."

तिने जे समजावलं ते स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतो. लॅपटॉपमध्ये काम करणारे हात असतात, त्याला प्रोसेसर म्हणतात. समोर ओटा असतो, ती रॅम. आणि मागे कोठीची खोली असते, ती हार्ड डिस्क. आपण फाइल उघडली की हात कोठीतून सामान काढून ओट्यावर आणतात. लॅपटॉप बंद केला की ओटा रिकामा होतो, पण कोठीतलं सामान तसंच राहतं. आपले जमाखर्च, कर्जखाती, इतिवृत्तं, फोटो, सगळं या कोठीत असतं.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. लॅपटॉपमधल्या बऱ्याचशा हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० वेळा फिरतात. त्यांच्यावरून एक बारीक दांडी सरकत माहिती वाचते. तबकडी आणि दांडीच्या टोकामधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी असतं, पण टोक तबकडीला टेकत नाही. चालू असताना धक्का बसला तर ते टेकू शकतं आणि ओरखडा पडतो. आम्ही तर चालू लॅपटॉप पिशवीत घालून दुचाकीवरून गावोगाव फिरवला होता! टक-टक आवाज म्हणजे दांडीला आपली जागा सापडत नसल्याची खूण.

अशी फिरणारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने पहिल्यांदा १९५६ साली बाजारात आणली. पन्नास मोठाल्या तबकड्या, कपाटाएवढं धूड, आणि त्यात मावायची जेमतेम पाच एमबी माहिती. आज मोबाइलवर काढलेला एखाददुसरा फोटोच तेवढा असतो.

आता तिच्या जागी एसएसडी मिळते. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, सगळी माहिती चिपमध्ये राहते. त्यामुळे आवाज नाही, हादऱ्याची भीती बरीच कमी, आणि सामान शोधायला दांडी सरकण्याची वाट पाहावी लागत नाही. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी माहिती वाचते. तिच्याच जागी बसणारी एसएसडी ५०० एमबीच्या आसपास वाचते. लहान लहान फाइली इकडेतिकडे विखुरलेल्या असल्या तर फरक याहूनही जास्त पडतो.

तुमच्या लॅपटॉपचं दुखणं हेच आहे का?

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जाऊन डिस्क पाहा. नव्या विंडोजमध्ये तिथे एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं. एचडीडी असेल आणि काही न करताही आकडा सारखा शंभर टक्क्यांवर अडकत असेल, तर हळूपणाचं कारण बहुतेक तेच आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर डिस्कची तब्येतही सांगतं. त्यात सावधानतेचा पिवळा किंवा धोक्याचा लाल रंग दिसला तर उद्यावर ढकलू नका.

आणि टक-टक आवाज येत असेल, फाइली उघडत नसतील, तर लॅपटॉप पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. प्रत्येक वेळी नुकसान वाढू शकतं. त्यात एकमेव प्रत असेल तर तो बंद करा आणि माहिती परत काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

खरेदीआधी काय बघायचं?

सगळ्या एसएसडी एकसारख्या नसतात. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा प्रकारची चालते. ती पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी मोठी आणि बरीच पातळ, चौकोनी डबीसारखी दिसते. नव्या लॅपटॉपमध्ये एम डॉट टू नावाची बोटभर लांबीची पट्टी असते. त्या पट्टीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. दिसायला जवळजवळ सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये तर कोठी मुख्य पाटीवरच झाळून बसवलेली असते, ती बदलता येत नाही. म्हणून लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि तो दाखवूनच खरेदी करा. वॉरंटी चालू असेल तर झाकण उघडलेलं चालतं का, हे आधी विचारा.

जुन्या डिस्कमध्ये किती जागा वापरली आहे तेही पाहा. आमची ९० जीबी भरली होती, म्हणून २५६ जीबीची पुरली. एसएसडी, बाहेरून जोडायची केस आणि लहान स्क्रूड्रायव्हर मिळून आम्हाला अडीच हजारांच्या आत खर्च आला. भाव खालीवर होतो, दोन दुकानांत विचारा. पक्कं बिल घ्या, ते गटाच्या हिशेबालाही लागतं आणि वॉरंटीलाही.

आधी सामान बाहेर, मग कोठीला हात

मैत्रिणींनो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका. स्क्रू काढायच्या आधी सगळ्या फाइली दुसरीकडे उतरवून घ्यायच्या. फक्त उतरवून भागत नाही. त्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहायच्या. आम्ही प्रत्येक गटाची एक फाइल उघडली आणि शेवटची शिल्लक वहीत लिहून घेतली.

डेस्कटॉप, डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही फोल्डर तपासा. प्रिंटर आणि इतर प्रोग्रामची नावं, पासवर्ड कागदावर लिहा. लॅपटॉपवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली आधीच मिळवून ठेवा. ती नसेल तर जुनी डिस्क नंतर बाहेरून जोडली तरी उघडणार नाही.

आणखी एक, मराठीत काम करणाऱ्यांसाठी. आपली बरीच जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असतात. नव्या विंडोजमध्ये तो फाँट नसला की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. घाबरू नका, फाइल बिघडलेली नसते. तोच फाँट पुन्हा टाकला की अक्षरं परत येतात. त्यासाठी फाँटची मूळ सीडी किंवा फाइल जपून ठेवा.

नव्या डिस्कवर विंडोज आणायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे क्लोन, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल. डिस्क धडधाकट असेल तर हा मार्ग सोपा. दुसरा म्हणजे किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज उतरवून ती नव्याने टाकायची आणि मग फाइली परत आणायच्या. त्या पेन ड्राइव्हवर आधीचं जे असेल ते पुसलं जातं, म्हणून तो रिकामा घ्या. आमची डिस्क आजारी होती, म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. अधिकृत विंडोज १० किंवा ११ असेल तर फक्त डिस्क बदलल्याने परवाना सहसा जात नाही.

प्रत्यक्ष बदलताना

लॅपटॉप पूर्ण बंद करा. चार्जर काढा. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आत असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिची जोडणी सोडवा. मग चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. नायलॉनची साडी आणि सतरंजी टाळा. आत हात घालण्याआधी नळासारख्या धातूच्या वस्तूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. तिचा बारीकसा चटकाही चिपला बाधू शकतो.

स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर आतली पाटी फुटू शकते. आम्ही मिसळणाचा डबा रिकामा करून, धुऊन-पुसून घेतला आणि एकेका वाटीत एकेका जागेचे स्क्रू ठेवले. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढला. झाकण उचकटायला सुरी नको, प्लॅस्टिकचं जुनं कार्ड बरं.

जुनी डिस्क सहसा एका पत्र्याच्या चौकटीत असते. चौकट सोडवून डिस्क जोडणीपासून सरळ मागे ओढायची, वर उचकटायची नाही. नवी त्याच चौकटीत बसवून तशीच सरळ आत सरकवायची. जोर लागत असेल तर थांबा, काहीतरी तिरकं बसतंय. मग बॅटरीची जोडणी, झाकण, स्क्रू. आमचे दोन तास गेले, त्यातला अर्धा तास हात थरथरण्यात!

विंडोज टाकून पहिल्यांदा लॅपटॉप चालू केला, तर चहाचं आधण येण्याआधी पडदा उघडला. मग फाइली परत आणल्या आणि वहीतल्या शिलकेशी एकेक गट पडताळून पाहिला. ती वही नसती तर काम बरोबर झालं हे कशावरून म्हणणार होतो?

जुनी डिस्क भंगारात नाही

जुन्या डिस्कमध्ये आपल्या बायकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, फोटो असतात. फाइल पुसली तरी जुन्या डिस्कवरून ती परत काढता येते. म्हणून निदान तीन महिने, सगळं सापडलं अशी खात्री होईपर्यंत, डिस्क कुलपात ठेवा. मग सगळ्यांसमोर ड्रिलने तबकड्यांना आरपार भोकं पाडा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. इतिवृत्तात तशी नोंद करा.

आणि एसएसडी आली म्हणजे काळजी मिटली, असं समजू नका. तिला टक-टक करता येत नाही. बिघडली तर कधी कधी काहीही न सांगता एकदम बिघडते. म्हणून आम्ही आता नियम केलाय: प्रत्येक हिशेबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि एक प्रत कार्यालयाबाहेर. लॅपटॉपवर एक. बाहेरच्या डिस्कवर एक, ती दर शुक्रवारी भरून सचिवताईंच्या घरी जाते. तिसरी छापून फाइलला. आणि सदस्येचं पासबुक पैसे घेतानाच, तिच्यासमोर भरायचं.

मासिक बैठकीत आता आम्ही पैसे मोजायच्या आधी एक प्रश्न विचारतो: या महिन्याची प्रत कुणाकडे आहे? तीन हजारांचे हप्ते भरणारी ती बाई आता हा प्रश्न स्वतः विचारते. उत्तर मिळाल्याशिवाय ती बैठक पुढे जाऊ देत नाही.

तुमच्या गटात हा प्रश्न पुढच्या बैठकीत विचारून पाहा.