लेण्यातला अंधार, दारातले ऊन

पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढून १८ क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरले की क्षणभर काहीच दिसत नाही. मग खांब दिसू लागतात, त्यांच्यामागे स्तूप. स्तूपाजवळून दाराकडे वळून पाहिले, तर काळोखातले खांब आणि कमानीतले ऊन दोन्ही दिसतात. कॅमेऱ्यात मात्र कमान पांढरीफटक येते, नाहीतर खांब काळे पडतात.

डोळ्याची बाहुली लहानमोठी होते, पण मोठे काम दृष्टिपटलाचे. अंधाराला पुरते सरावायला त्याला वीस-तीस मिनिटे लागतात. शिवाय नजर फिरत राहते आणि तुकडे मेंदू जुळवतो. 'एचडीआर' छायाचित्रणात कमी, मध्यम आणि जास्त प्रकाशाचे तीन फोटो काढून हेच केले जाते. त्यातून दृश्यातला खरा प्रकाश मोजून काढण्याची पद्धत पॉल डेबेवेक आणि आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडली.

फोटो जोडणे सोपे. पण नेहमीच्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाला २५६च पायऱ्या असतात. एवढा प्रकाश त्यात बसवायचा कसा, इथे सॉफ्टवेअर वेगळी होतात. 'फोटोमॅटिक्स' विकत घ्यावे लागते. त्यात तयार छटा भरपूर, पण हात सैल सोडला की दगड तैलचित्रासारखा दिसतो. 'लाइटरूम'ला वर्गणी भरावी लागते; त्याचा निकाल संयत असतो आणि जोडलेल्या फाइलवर नंतरही मनासारखे काम करता येते. 'ल्युमिनन्स एचडीआर' फुकट आहे. त्यात वेगवेगळ्या संशोधकांची सूत्रे आहेत. राइनहार्ड यांचे सौम्य, तर फत्ताल यांचे बारकावे इतके उठवते की कडांभोवती प्रभावळ दिसते. 'हगिन'सोबत येणारे 'एनफ्यूज' प्रकाश मोजण्याच्या भानगडीत पडतच नाही. तिन्ही फोटोंतला चांगला उतरलेला भाग उचलून एकमेकांत मिसळते. दगडासाठी मला तेच आवडते, आणि तेही फुकट!

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते. हातात धरून काढलेले फोटो थोडे सरकतातच, त्यामुळे जोडण्याआधी ते एकमेकांवर नीट बसवून घेण्याचा पर्याय निवडायला विसरू नये.

नुसत्या सहलीच्या फोटोसाठी यातले काहीही चालेल. आजचे बरेच मोबाइल असे काम आपणहून करतात. पण ३ क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ब्राह्मी लिपीत अनुस्वार म्हणजे एक टिंब. बारकावे अवाजवी उठवले की दगडातला साधा खळगाही अनुस्वार वाटू शकतो, आणि खरी पुसट रेघ प्रभावळीत हरवते. अशा फोटोसाठी सौम्य सूत्र वापरावे आणि मूळ तिन्ही फोटो जपून ठेवावेत. पुढे कुणाला शंका आली, तर त्यांच्याकडेच परत जावे लागते.