शिवणीतली माया

शिंप्याच्या बोलीत 'माया' म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. अंग भरलं की टीप उसवायची, माया सोडायची, पोलकं पुन्हा अंगाला बसतं. बाहेरून ती कुणाला दिसत नाही. कपडे दुरुस्त करायला शिकवणाऱ्या बैठका हल्ली मोठ्या शहरांतून अधूनमधून भरतात. तिथे सुईला हात लावण्याआधी कपडा उलटा करून ही मायाच बघायला सांगतात. बोटभर असेल तर कपड्याला अजून आयुष्य आहे. ओव्हरलॉकच्या दोऱ्यापुरतीच उरली असेल तर शिकवणाऱ्या बाई नाक मुरडतात.

अशाच एका बैठकीला मी कोपरावर विरलेला खादीचा कुर्ता घेऊन गेलो होतो. गल्लीतल्या शिंपीदादांनी तो आधीच परत केला होता. "एवढ्यासाठी बसायचं तर तेवढ्या वेळात नवीन शिवून होतो, साहेब." त्यांचं काही चुकलं नव्हतं. दुरुस्तीला वेळ भरपूर लागतो आणि गिऱ्हाईक मात्र चहाच्या पैशांत काम उरकायला बघतं.

बैठकीतला पहिला अर्धा तास फाटकं नुसतं निरखण्यात गेला. या बाबतीत मराठीला शब्दांची ददात नाही. शिवण उसवते, विजारीचा गुडघा झिजतो, साडी विरते, खिळ्याला अडकून खोच पडते, लोकरीला कसर लागते. दुखणी वेगळी, औषधंही वेगळी. उसवलेल्याला उलटी टीप पुरते. खोच ताजी असेल तर धागे जागेवरच असतात, ते जवळ आणून टाचले की भागतं. विरलेल्याला मात्र आतून आधार लागतो, कारण भोक दिसतं एवढंसं, पण त्याच्या चहूबाजूंचं अंगठाभर कापडही दमलेलं असतं.

मी हौसेनं नवा कोरा तुकडा नेला होता. बाईंनी तो बाजूला ठेवला. कोरं कापड पहिल्या धुण्यात आटतं, शिवाय ते जुन्याहून दणकट, त्यामुळे ठिगळ शाबूत राहतं आणि त्याच्या कडेनं कुर्ता फाटतो. जुन्याला जुनंच लावायचं. कुर्त्याच्याच खिशाचा आतला पदर कापून घेतला. उभा धागा उभ्याला, आडवा आडव्याला जुळवला. ठिगळाचे कोपरे गोल केले, कारण टोकदार कोपरा आधी सुटतो. मग ते आतून लावून बारीक धावदोऱ्यानं बसवायला घेतलं. दोरा वर दिसू नये म्हणून मी जीव मुठीत धरून टाके घालत होतो, तर बाईंनी लाल दोऱ्याचं रीळ पुढ्यात ठेवलं. "दिसू दे की!"

या मंडळींचा सगळा पवित्रा त्या एका वाक्यात येतो. इंग्लंडात ब्रायटनला राहणारे टॉम व्हान डाइनेन मोज्यांची आणि स्वेटरांची भोकं मुद्दाम वेगळ्या रंगाच्या लोकरीनं विणून बुजवतात आणि तसं करायला इतरांनाही शिकवतात. दुरुस्ती लपवायची कशाला, असा त्यांचा सवाल आहे.

अशा एकत्र बसण्याला संस्थेचं रूप दिलं ते मार्टिने पोस्टमा या डच पत्रकार बाईंनी. १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी पहिलं 'रिपेअर कॅफे' भरवलं आणि पुढच्या वर्षी त्यासाठी प्रतिष्ठान स्थापन केलं. आज जगभर अशी अडीच हजारांहून जास्त ठिकाणं आहेत. बंगळुरूत २०१५ मध्ये पूर्णा सरकार आणि अंतरा मुखर्जी यांनी हे काम सुरू केलं. टोस्टर, सायकली, रेडिओ यांच्या टेबलांशेजारी एक टेबल कपड्यांचं असतं. त्यावर शिलाईचं मशीन, दोऱ्यांची रिळं, अंगुस्तान, बटणांचा डबा. दुरुस्ती फुकट, करणारे स्वयंसेवक. मला आवडलेला नियम म्हणजे वस्तू ठेवून निघून जायचं नाही. शेजारी बसायचं, बघायचं, हात लावायचा. बिघडलेला मिक्सर दुसऱ्याच्या हाती सोपवता येतो. फाटक्या शर्टाशेजारी बसवलं की मात्र तासाभरात माणूस स्वतःच सुई मागतो.

एकदा तर सरकारनंच लोकांना असं बसवलं होतं, तेही एका मोठ्या देशात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन लावलं. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं. पुरुषाच्या एका सुटाला २६ जायची, लोकरीच्या झग्याला ११, बायकांच्या लांब मोज्यांच्या जोडीला २. हिशोब घातला की कळतं, दोन सुटांत वर्षाच्या ६६ पैकी ५२ कुपनं संपली. पुढे कुपनं आणखी घटली. १९४३ मध्ये व्यापार मंडळानं 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली, 'मिसेस सो-अँड-सो' ही बाहुली जाहिरातींतून टाके शिकवू लागली आणि गावोगावी महिला मंडळांतून शिवणाचे वर्ग भरले. नवऱ्याच्या सुटातून बाईचा कोट, घोंगडीतून ओव्हरकोट. त्या बायकांचं कौतुक वाटतं, पण त्यांनाही हे आवडून चाललं होतं असं समजायचं कारण नाही. रेशन उठलं १५ मार्च १९४९ला.

त्या वर्गांतली एक युक्ती वाचताना मी थबकलो. चादर मध्ये विरते, कडेला धड राहते. म्हणून ती मधोमध उभी फाडायची, धड कडा मध्ये आणून जोडायच्या, विरलेला भाग कडेला जातो. आपल्याकडे लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग काढून दोन धड तुकडे जोडत. त्या जोडाला 'दंड' म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसलेल्या बाईला लंडनच्या त्या वर्गात शिकण्यासारखं फारसं काही नव्हतं. शर्टाची झिजलेली कॉलर उसवून उलटी बसवणं हेही दोन्हीकडे सारखंच.

आणि दंडानंतरही लुगडं संपत नसे. त्याची गोधडी होई, साताऱ्या-कोल्हापूरकडे वाकळ. गोधडी एकटीनं शिवायची वस्तू नाही. आधी लुगडी धुऊन, वाळवून, काठ वेगळे काढायचे. काठ पुढे किनारीला लागतात. अंगणात किंवा ओसरीवर एकावर एक पदर अंथरायचे, त्यांत आत काय गेलं ते पुन्हा दिसणार नसतं, म्हणून सगळ्यात फाटकं मध्ये. विजारीचे पाय, फ्रॉकचा घेर, उशीचा अभ्रा, सगळं चालतं. फक्त सुरकुती राहता कामा नये, ती कायमची राहते आणि पाठीला टोचते. चार कोपऱ्यांवर जड काहीतरी ठेवून थर ताणायचा, लांब लांब कच्चे टाके घालून पदर एकमेकांना धरवायचे. मग चौघी चार बाजूंना बसतात आणि कडेपासून आत धावदोरा घालत येतात, चौकोनाच्या आत चौकोन. जसजसा चौकोन लहान होतो तसतशा बायका सरकत जवळ येतात. शेवटी मध्यावर पोचेपर्यंत गावातल्या सगळ्या बातम्या संपलेल्या असतात, काही नव्यानं तयारही झालेल्या असतात. प्रत्येकीचा टाका ओळखू येतो. एकीचा ज्वारीच्या दाण्याएवढा, दुसरीचा लांबट आणि घाईचा. तान्ह्या बाळासाठी दुपटं शिवायचं तर घरातलं सगळ्यात जुनं, सगळ्यात जास्त धुतलेलं लुगडं काढतात. तसा मऊपणा दुकानात विकत मिळत नाही.

याच कुळातली कवंदी सिद्दी बायका शिवतात. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडच्या रानांत राहणारे हे लोक आफ्रिकेतून आणलेल्या माणसांचे वंशज. त्यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून गुलामी झुगारून घाट चढून गेलेले. जंजिऱ्याच्या सिद्दींशी नाव जुळतं, नशीब नाही. कवंदीही कडेनं सुरू होऊन आत जाते. मात्र चिंध्या आधी जोडून घेत नाहीत. टाके घालत जाता जाता पुढची चिंधी दुमडून लावायची. चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या चिंध्यांची त्रिकोणी फुलं असतात. फुलं नसलेली कवंदी त्यांच्या लेखी उघडी. कामाला पुरेशी असली तरी पुरी नाही.

जपानच्या थंड तोहोकू भागात कापूस पिकत नसे. दक्षिणेकडून जहाजांनी येणाऱ्या जुन्या सुती चिंध्या तिथले शेतकरी घेत आणि थरावर थर देऊन धावदोऱ्यानं शिवत. त्या टाक्याला साशिको म्हणतात, ठिगळांनी भरलेल्या त्या कपड्यांना बोरो. ज्या बोरोची तेव्हा लाज वाटे, त्यांचा आज संग्राहक शोध घेतात. बैठकींत साशिकोचं नाव सारखं कानावर येतं. धावदोऱ्याचं तितकं येत नाही, हे मला खटकतं. परदेशी दोऱ्याच्या लडीला मोजलेले पैसे आणि बाहेर पदपथावर गोधडी शिवणाऱ्या बाईशी घातलेली हुज्जत मी एकाच दुपारी पाहिली आहे.

दाखवण्याच्या नेमकं उलट टोक म्हणजे रफू. उत्तर प्रदेशच्या बिजनोर जिल्ह्यातलं नजीबाबाद हे रफूगरांचं गाव. पिढ्यान् पिढ्या काश्मिरी शाली त्यांच्या हातांखालून गेल्या. रफूगर ठिगळ लावत नाही, तो कापड पुन्हा विणतो. शालीच्याच कडेतून किंवा आतल्या दुमडीतून धागा ओढून काढायचा, म्हणजे रंग आणि वय दोन्ही जुळतात. भोकाच्या अर्धा इंच अलीकडे, धड कापडात सुरुवात करायची. आधी उभे धागे घालायचे, प्रत्येक वळणावर किंचित ढील सोडायची, नाहीतर धुतल्यावर कापड आवळतं. मग आडवा धागा एकावरून, एकाखालून. शेवटी बोट फिरवलं तरी जागा सापडत नाही. आपण एखादा माणूस 'रफूचक्कर' झाला म्हणतो, तेव्हा हीच करामत नकळत सांगत असतो. कापडांच्या अभ्यासक प्रिया रविश मेहरा यांनी या अदृश्य कारागिरांना लोकांपुढे आणण्यासाठी बरीच वर्षं खर्ची घातली. २०१८ मध्ये त्या गेल्या. घरगुती रफूला एवढं कसब लागत नाही. भोक ताणून धरायला पायमोज्यात अळंबीच्या आकाराचा लाकडी ठोकळा घालतात, तो नसेल तर स्टीलची वाटी चालते.

ठिगळ मिरवण्याबद्दल मात्र माझं मन दुहेरी आहे. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत. चिंध्यांचा तो पेहराव त्यांनी स्वतः पत्करला होता. पण ज्यांच्या शाळेच्या चड्डीला मागून दोन गोल ठिगळं होती आणि त्यावरून वर्गात हसू झालं, त्यांनी ती पत्करलेली नव्हती. त्यांच्यासमोर लाल दोऱ्याचं कौतुक जरा हळू आवाजात करावं.

शिवाय सगळंच दुरुस्त होत नाही. ताणल्या जाणाऱ्या लेगिंगला सुई लागली की उसवण धावत सुटते. पातळ टी-शर्टला ठिगळ जड होतं. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७च्या अहवालानुसार आधीच्या पंधरा वर्षांत जगातलं कपड्यांचं उत्पादन जवळपास दुप्पट झालं आणि एक कपडा टाकण्यापूर्वी जितक्या वेळा घातला जाई, ती संख्या ३६ टक्क्यांनी घटली. दारावर भांड्यांच्या बदल्यात कपडे घेणारी बोहारीण गठ्ठा हातात घेतल्या घेतल्या कापड बोटांनी चोळून बघते. हल्लीच्या गठ्ठ्यावर ती पातेलं काढत नाही, वाटीवर भागवते. अहवाल न वाचताही तिला हे कळतं.

महिन्याकाठी भरणाऱ्या बैठकीनं हा ढीग हलणार नाही. माझ्या मते खरी वाट फ्रान्सनं धरली. तिथे नोव्हेंबर २०२३ पासून नोंदणी केलेल्या शिंप्याकडे किंवा चांभाराकडे दुरुस्ती केली की बिलातून ६ ते २५ युरो कमी होतात आणि ते पैसे कपडे-बूट विकणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून भरले जातात. म्हणजे कारागिराची मजुरी बुडत नाही आणि गिऱ्हाईकालाही परवडतं. बैठकीत टाका शिकता येतो. पण टाक्यावर ज्याचं पोट आहे, त्याला मोल कोण देणार, हा प्रश्न तिथे कुणी काढत नाही.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं सांगतो. पुढच्या खेपेला कपडा घेताना दुकानातच तो उलटा करा. बाजूच्या शिवणीत माया किती आहे, बाहीच्या टोकाला दुमड किती आहे, जादा बटण टाचलंय का, बघा. नसेल तर परत ठेवा. माझ्या कुर्त्याची दुसरी बाही आता कोपरावर विरत आली आहे. गल्लीतल्या शिंपीदादांना या वेळी नव्या बाहीची मजुरी कबूल केली आहे. मंगळवारी देतो म्हणालेत.